वेड्या डॉक्टरला दिलेला आवाज

बारामतीच्या ज्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट होते, तिथला नवा मायक्रोस्कोप आमच्या विभागप्रमुख सरांच्या हातून पडला. तपासणीला आलेल्या लोकांसमोर त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी तात्पुरती नेमलेली, आठवड्याभरात वरकुट्याला घरी बसले. तेव्हापासून मला एकच हवं होतं, या माणसानं चारचौघांत खरं सांगावं.

रिकामपणी मी जुन्या इंग्रजी सिनेमांना मराठी आवाज देऊन मोबाईलवर टाकायला लागले. त्यात हॉलिवूडचा एक भयपट सापडला, सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या काळातला. खर्च अगदी बेताचा. दार लावलं की प्रयोगशाळेची भिंत हलते आणि दर प्रसंगात तोच एक चंबू उकळत असतो. त्यातला वेडा डॉक्टर मेलेली माणसं उठवायला जातो, प्रकरण अंगाशी आलं की खापर मदतनिसाच्या डोक्यावर फोडतो. मी डॉक्टरला सरांचा आवाज दिला. तोच नाकातला सूर आणि दर दोन वाक्यांनी "ध्यानात आलं का मंडळी?" प्रेत उठून बसलं तरी डॉक्टर तेच विचारतो.

इंदापूरपर्यंत ज्यानं त्यानं तो व्हिडिओ पुढं पाठवला. शेळगावच्या मावशीचा फोन आला, "अगं, ह्यो तर तुमचा सर हाय." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी मुद्दाम गेले. सर माईकपाशी आले, खिशातून कागद काढला, दोन वाक्यं बोलले आणि सवयीनं म्हणाले, "ध्यानात आलं का मंडळी?" सगळा हॉल हसला. प्राचार्यांनी तोंडाला रुमाल लावला. सरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हशा. शेवटी ते कागदाची घडी घालून खाली बसले. मी पोटभर हसले.

चहाच्या वेळी ते माझ्याकडं आले आणि तो कागद पुढं केला. "मायक्रोस्कोप माझ्या हातून पडला, त्या बाईंचा काही दोष नव्हता," असं त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

"आत्ता वाचा की," मी म्हणाले. "लोक हायेत अजून."

"आता मी काय बी वाचलं तरी लोक हसत्यात, ताई. तुमीच दाखवा."

सर निघून गेल्यावर माझ्याबरोबर लॅबमध्ये काम केलेल्या बाई चहा घेऊन आल्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"झकास लिहिलंयस. ह्याचा व्हिडिओ कधी टाकतीस?"