काळेवाडीतला रेल्वे अपघात

आमच्या हॉलमध्ये झालेल्या रेल्वे अपघाताला आमची सून पल्लवी जबाबदार नव्हती. आमची अख्खी सोसायटी आजही तिलाच जबाबदार धरते, म्हणून हे लिहायला बसलो.

भोसरीच्या कारखान्यात सेन्सर बसवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा मी हॉलमध्ये छोटी रेल्वे उभारली. (हॉल दहा बाय बारा, रेल्वे आठ बाय दहा. उरलेल्या जागेत कुटुंब राहायचं.)

रूळ एकच, गाड्या दोन, समोरासमोरून येणाऱ्या. मधल्या स्टेशनात बाजूला एक जादा रूळ. पहिली गाडी त्यावर येऊन थांबली की खालच्या भोकातल्या सेन्सरवर तिची सावली पडायची. सेन्सरला अंधार दिसला की तो समजायचा, गाडी आत आली, आता समोरची सोडा. अंधार म्हणजे गाडी! बिचाऱ्याची अक्कल एवढीच.

पल्लवीचा सासरी पहिला दसरा. तिचे वडील राजगुरुनगरहून जेवायला आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म घालवलेला माणूस! अशा व्याह्यांवर छाप पाडायची, म्हणून मी ठरवलं, बासुंदी रेल्वेने वाढायची.

"अहो, माणसांसारखं वाढू या ना," माझी बायको सुमन म्हणाली.

"तू फक्त वाट्या भर!"

एका गाडीवर बासुंदी, दुसरीवर लिंबाचं लोणचं. व्याही पांढराशुभ्र सदरा-लेंगा घालून रुळाशेजारी मांडी घालून बसले. मी बटण दाबलं.

दोन्ही गाड्या एकदम सुटल्या!

"पाव्हणं, एकाच लायनीवर दोन्हीकडून सिग्नल दिलाय तुमी?"

"घाबरू नका, सेन्सर आहे."

"आवं पण थांबंना ती!"

"थांबेल हो."

"पाव्हणं!!"

धडाड्! बासुंदी व्याह्यांच्या मांडीवर, लिंबाची फोड त्यांच्या चष्म्यावर, आणि मी तोंडाचा आ वासून, बोट अजून बटणावरच! आडव्या पडलेल्या इंजिनाची चाकं घरघरत होती. व्याह्यांनी बासुंदी पुसलीसुद्धा नाही. जातिवंत रेल्वेवाला! वाकून थेट चौकशीच सुरू केली. सेन्सरच्या भोकात डोकावले आणि पांढरेफटक पडले.

"ह्यात कुंकू हाय!"

सगळ्या नजरा पल्लवीकडे वळल्या. सकाळी स्कूटर, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांना हळदकुंकू तिनेच लावलं होतं.

"आप्पा, मी फक्त इंजिनाला लावलं!"

"सिग्नलवाल्याची लेक तू, आन् सिग्नलच्याच डोळ्यात कुंकू घातलंस?" व्याह्यांनी भोकाकडे बोट रोखून विचारलं.

ते कुंकू माझ्या हातचं होतं. कारण कारखान्यातली सवय! दसऱ्याला कुंकू लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आंघोळ झाल्यावर मी गुपचूप डब्यांना टिळे लावले होते. मग वाटलं, खरं राबतो तो सेन्सर, त्याला का वगळा? दिलं लावून, चांगलं ओलं करून!

हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "जाऊ द्या. पोर नवीन आहे. मी माफ केलं." (हो, मी माफ केलं!)

सोसायटीत तिचं नाव 'सिग्नल' पडलं. ते तिच्या चाकणच्या कंपनीतही पोहोचलं. आप्पा तर अजून लेकीला साधा दिव्याचा खटका दाबू देत नाहीत. यंदाच्या दसऱ्याला मला राहवेना.

"पल्लवी, ते कुंकू मी लावलं होतं."

"माहितीये, बाबा. तेव्हाच कळलं. मी अनामिकेने लावते. तिथे तुमचा अख्खा अंगठा उमटला होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पहिल्या शिफ्टला जाताना रोज आयता आल्याचा चहा कुणी दिला असता? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालाय तो, बाबा!"

आणि मी समजत होतो, माझं प्रायश्चित्त गुपचूप चाललंय!

तर सगळ्यांनी ध्यानात घ्यावं, सून निर्दोष आहे, गुन्हेगार मी. गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी होते म्हणतात. आमच्याकडे सुमन दाराआड उभी राहून ऐकत होती. आता रोज दोन कप करतो.