चेंडू न बघणारे टेलरचाचा

आमच्या औशाच्या टेलरचाचांइतकं व्हॉलीबॉल कळणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि त्यांनी जन्मात कधी चेंडूला हात लावलेला नाही, हेही सांगतो. सेट किती गुणांचा असतो ते त्यांना ठाऊक नाही. जिंकलं कोण, हे सामना संपल्यावर ते आम्हालाच विचारतात. पण समोरच्या स्मॅशरचे पाय जमिनीवरून सुटायच्या आत कडेच्या खुर्चीवरून आवाज येणार, "सर, डावीकडं!" आणि चेंडू निमूटपणे डावीकडेच येणार. आम्ही पोट सुटलेले शाळामास्तर तीन वर्षं तालुक्यात ताठ मानेनं फिरलो ते या आवाजाच्या जिवावर. लग्नाच्या पंगतीतही वाढपी कुठून वळणार हे ओळखून चाचा आधीच जागा धरतात, आणि जिलेबी पहिली त्यांच्याच पानात पडते.

"तुम्हाला कळतं कसं?" असं मी एकदा विचारलं. कात्री खाली न ठेवता ते म्हणाले, "चाळीस बरस खांद्याचं माप घेऊन राहिलो, सर. हात कुठं जानार ते खांदा आधी सांगतो. तुमी उगं बॉलकडं बघता."

खरं तर बॉल त्यांना दिसतच नव्हता; माणसांचे आकार तेवढे धूसर दिसायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुईत दोरा ओवायलाही ते शेजारच्या पानवाल्याला हाक मारायचे. लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती नेमकी चाकूरच्या संघाशी आमचा अंतिम सामना होता त्या दिवसाची. मी कप्तान. मी निर्लज्जपणे म्हणालो, "चाचा, सामना झाल्यावर केलं तर?"

"हाव, त्यात काय! डोळे कुठं पळून चालले?"

चारच दिवसांनी मशिनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. ज्या हातांवर त्यांचं घर चालतं, ते मी एका कपासाठी पणाला लावले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच मी त्यांना लातूरला नेलं. इकडे चाकूरवाल्यांनी आमच्या संघाला पार लोळवलं.

यथावकाश दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता दोरा एका दमात ओवला जातो. परवा चाचा मैदानावर येऊन खुर्चीत बसले. स्मॅशर उडाला, तरी आवाज नाही. चेंडू आमच्या मागे आपटला, तेव्हा चाचा सगळ्यांबरोबरच ओरडले. पुढच्या वेळीही तेच. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाचा, जरा खांदा बघा की."

त्यांची नजर चेंडूवरून हलेना. "खांदे जिंदगीभर बघितले, सर. बॉल आत्ता दिसून राहिला. थोडं बघू द्या."

आम्ही हरलो, आणि वाईट वाटलंच. खोटं कशाला बोलू? पण हल्ली चेंडू उंच गेला की मी तो बघायचं सोडून चाचांच्या चेहऱ्याकडेच बघत राहतो.