तापल्या बॅरलवर पाणी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो बायजाकाकूंचा. आमच्या वाडीत शाळा नव्हती. काकूंनी मला पौडला सात वर्षं घरात ठेवलं, म्हणून मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. त्यांचा मुलगा दगडू चौथीनंतर शाळेत रमला नाही. पुढे आम्ही फौजेत एकाच युनिटमध्ये आलो. तो डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटारसायकलवरून लखोटे पोचवणारा 'डीआर'; मी व्हेइकल मेकॅनिक.

साठ सालच्या सुमाराचा मे महिना. एक्सरसाइजसाठी, म्हणजे युद्धसरावासाठी, आमचा कॉन्व्हॉय मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे चढत होता. बारा ट्रक, एक मोटारसायकल. वेग चालत्या माणसाइतका. ट्रकचं इंजिन रेडिएटरमधल्या पाण्याने थंड राहतं. आमच्या मोटारसायकलला रेडिएटर नव्हता. तिला गार करणारा फक्त वारा, आणि त्या वेगाला वारा लागत नाही.

११ वाजून २० मिनिटांनी हॉल्ट. मोटारसायकलच्या सिलिंडरचं बॅरल, म्हणजे त्याचं बिडाचं नळकांडं, इतकं तापलं होतं की घामाचा थेंब पडला तरी चर्र व्हायचं. अशा वेळी गाडी सावलीत लावायची आणि अर्धा तास थांबायचं. दुसरा उपाय नाही. पण एक सीलबंद लखोटा घेऊन दगडूला मागे तळावर जायचं होतं.

वायरलेस खरखरला. "डीआर कुठे आहे? ओव्हर."

"निघतोय, सर. ओव्हर," कॅप्टन म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाणी ओत तिच्यावर."

"सर, बॅरल तडकेल."

"ट्रकना पाणी दिलंस ना? हिलाही दे. दॅट्स ॲन ऑर्डर."

दगडू माझ्या कानाशी हसला. "मास्तर, तुज्या बुकात न्हाई व्हय ह्ये? तापल्या खापरावर पानी वतलं म्हून आईनं आपल्या दोगांस्नी उलथन्यानं हानलं हुतं की!"

"गप," मी म्हणालो आणि पाण्याचा जेरीकॅन उचलला.

११.३५ ला तो निघाला. उतारावरच्या तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं, मागचं चाक लॉक झालं. आम्ही पोचलो तेव्हा तो दरीत होता. लखोटा छातीशी तसाच. बॅरलला वरपासून खालपर्यंत तडा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं : रायडरने वेळेवर क्लच दाबून चाक मोकळं केलं नाही. माझ्या जबानीतलं पाण्याचं वाक्य 'गैरलागू' म्हणून खोडलं. मेलेल्या माणसावर चूक ढकलली आणि फाइल बंद केली. इतकी वर्षं झाली, तरी तो कागद आठवला की माझं डोकं भणभणतं.

फाइल बंद झाली त्याच आठवड्यात मी पौडला पत्र धाडलं. काकूंना वाचता येत नसे, पोस्टमन वाचून दाखवी. म्हणून थोडक्यात लिहिलं :

"ती. काकूंस सा. न. दगडूच्या हातून चूक झाली असा सरकारी कागद आला, तर मानू नका. त्याला तुमचं उलथणं आठवत होतं. मलाही आठवत होतं. तापल्या खापरावर पाणी मी ओतलं."