भट्टीच्या सुतकात वाटलेला कुंदा

चहा घ्या, आणि मधेच कुणी विचारू नका की तुम्हाला कळलं कसं नाही. तोच प्रश्न माझी बायको तेव्हापासून विचारते आहे. मयताच्या घरी माणसं काय काय वेडेपणा करतात ते तुम्ही पाहिलं असेल. कुणाला नको तेव्हा हसू येतं, कुणाचा मोबाईल नको त्या गाण्याने वाजतो. मी तिथे बॅनर लावला, पाहुणे बोलावले आणि बेळगावचा खव्याचा गोड कुंदा वाटला.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती पायऱ्या उतरत गेली ते दिसेल.

रामनगरला माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कोयते, नटबोल्ट. एकदा मेहुण्याच्या जमिनीच्या कामासाठी त्याच्याबरोबर सरकारी दफ्तरखान्यात गेलो होतो. त्याला हवा तो कागद सापडला नाही आणि मला नको तो सापडला. कोण्या गोऱ्या साहेबाने आपल्या जोयड्याच्या डोंगरांत हिंडून लिहिलेला जुना अहवाल. इथे मातीच्या भट्ट्या होत्या, ओढ्यातले जड काळे दगड आणि कोळसा घालून लोक लोखंड काढायचे, भट्टीमागे कर भरायचे, कुठल्या गावात कुठलं घराणं हे काम करायचं, सगळं त्यात होतं. मग परदेशातलं स्वस्त लोखंड आलं, जंगलात कोळसा पाडायला बंदी झाली आणि धंदा बुडाला. तो बुडाला हे लिहायला साहेबाला एक ओळ पुरली होती.

आयुष्यभर लोखंड विकलेल्या माणसाला ते इथल्याच डोंगरात निघत होतं हे म्हातारपणी कळावं? मला वेडच लागलं. पानांच्या झेरॉक्स काढल्या. तिथला कारकून म्हणाला, यातलं एखादं घराणं आज सापडलं तर फोटो पाठवा, आम्ही दफ्तरी नोंद करून ठेवू. झालं. त्या नोंदीने माझा घात केला.

घराणं सापडलं. कुंभारवाड्याच्या पुढे, बस सोडते तिथून बरंच चालत गेल्यावर, भाताच्या खाचरांच्या वर एक घर होतं. घरात बाबल अज्जा आणि त्यांची सून सुमन, एवढी दोनच माणसं. मी अंगणातच झेरॉक्स काढून वाचायला सुरुवात केली. अज्जांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्या पणज्याला कर भरायला जमंना म्हणून त्यो रानात लपून ऱ्हायला हुता. ते लिवलंय काय?" त्यांनी विचारलं.

"ते नाही लिहिलं."

"मग आमचं काय लिवलंय?"

मी पान उलटंपालटं करून पाहिलं. घराण्याचं नाव होतं आणि कराची रक्कम होती. अज्जा "बरं" म्हणाले आणि मला परसात घेऊन गेले.

तिथे गवताच्या छपराखाली भट्टी उभी होती. छातीएवढी उंच, मातीची, खाली तोंड, बाजूला वाळून कडक झालेला कातड्याचा भाता. लोखंड काढणं अज्जांच्या आजोबांच्या वेळीच थांबलं होतं. पण दरवर्षी दसऱ्याला चुलीतले चार निखारे हिच्या पोटात ठेवायचे, म्हणजे ती मेली असं होत नाही, ही त्यांच्या घरातली रीत. अज्जांच्या बापाने ती पाळली, अज्जांनी पाळली, त्यांचा मुलगा नागो याने पाळली. नागो गोव्याला कामाला गेला होता. आदल्या पावसाळ्यात ताप घेऊन घरी आला आणि गेला. त्याला मूल नव्हतं.

"आता माझ्यामागं हिला कोण न्हाई, सावकार," अज्जा म्हणाले. आमच्या भागात दुकानदाराला सावकार म्हणतात, मनावर घेऊ नका. "मी हाय तवर हिला एकदा पोटभर जेवाण घालायचं. पुरी पेटवायची, आन मग तोंड लिंपून टाकायचं. न्हाईतर मी गेल्यावर ही तशीच उपाशी बसंल. पर कोळसा आणू कुठनं? फॉरेस्टवाले सोडत न्हाईत."

आता तुम्हाला कळलं ना? चहाचा घोट घेता घेता कळलं. म्हातारा मुलाच्या मागोमाग घराण्याला अग्नी द्यायला निघाला होता आणि त्याला फक्त लाकडाची सोय हवी होती. मी मात्र त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला, पेटवायची.

"अज्जा, कोळशाचं माझ्याकडे लागलं," मी म्हणालो.

"शेवटचं हाय हां, सावकार. हे ध्येनात घ्या."

"हो हो, शेवटचं." आमच्याकडे जत्रेत नाटकाच्या बोर्डावर शेवटचा प्रयोग असं लिहितात आणि कंपनी पुढचा महिनाभर तंबू हलवत नाही. मला वाटलं, अज्जाही त्यातलेच.

गणेशगुडीला माझा एक मित्र लॉज चालवतो. पाहुणे दिवसा नदीत बोटी हाकतात आणि संध्याकाळी कोंबडी भाजतात, तिच्यासाठी त्याच्याकडे कोळशाची पोती असतात. त्यातली काही मागून घेतली. मित्र म्हणाला, कोळसा घे, पण मलाही बोलाव, मी फोटो काढतो. तालुक्याच्या एका साहेबांना आमंत्रण दिलं. बॅनर छापून घेतला, "प्राचीन लोहभट्टी पुनरुज्जीवन सोहळा". पुनरुज्जीवन म्हणजे काय, हे त्या घरात कुणी विचारलं असतं तर मी वाचलो असतो. पण माझ्या बॅनरला कोण काय विचारणार? कुंदा मी खास माणूस पाठवून बेळगावहून आणवला.

त्या दिवशी सकाळी पोचलो तर भाऊकीतली माणसं आधीच जमली होती. पुरुष उघड्या डोक्याने एका बाजूला उकिडवे बसलेले, बायका दुसऱ्या बाजूला. दाराला तोरण नव्हतं, अंगणात रांगोळी नव्हती, म्हणून मीच माझ्या पिशवीतली झेंडूची माळ काढून भट्टीला घातली. सुमन दारातून बघत होती. तिने काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, भारावली आहे.

बॅनर दोन फणसांच्या मधे बांधला. मी साहेबांची ओळख करून दिली, अहवालातली चार वाक्यं वाचली आणि म्हणालो, "टाळ्या झाल्या पाहिजेत." कुणी वाजवल्या नाहीत. मग मी, साहेब आणि लॉजवाला अशा तिघांनीच वाजवल्या. डोंगरातली माणसं, लाजतात, असं मी साहेबांच्या कानात सांगितलं.

अज्जा आंघोळ करून ओल्या पंचाने आले. हातात कोळशाची भरलेली टोपली. भट्टीसमोर उभे राहिले आणि भाऊकीकडे वळून म्हणाले, "कोण घालतंय?"

कुणी हललं नाही. एकाने जमिनीकडे पाहिलं, दुसऱ्याने बाजूला तोंड केलं.

"पयली टोपली कोण घालतंय?" अज्जांनी पुन्हा विचारलं.

आता मला सांगा, कार्यक्रम असा अडला तर आयोजकाने काय करायचं? साहेब घड्याळ बघायला लागले होते. मी पुढे झालो. "द्या इकडे अज्जा, मी घालतो."

अज्जा माझ्याकडे बघतच राहिले. "तुमी घालताय?"

"त्यात काय मोठं?"

"समजून घालताय न्हवं?"

"अहो, सगळं समजून." मी टोपली घेतली. लॉजवाला ओरडला, "सावकार, इकडं बघ, जरा हस." मी हसलो. दात दिसतील असा हसलो आणि टोपली वरून भट्टीच्या पोटात रिकामी केली. अज्जांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच क्षणी बायकांमधून हुंदका आला आणि बघता बघता सगळ्याच मोठ्याने रडायला लागल्या.

मी लोकांकडे वळून सांगितलं, "हे आनंदाश्रू आहेत."

होय, बोललो. अगदी हेच शब्द. शिवाय त्यानंतर पानांचे द्रोण घेऊन प्रत्येकाच्या हातात कुंदा ठेवत फिरलो, "तोंड गोड करा" म्हणत. नागोच्या आईच्या माहेरची एक म्हातारी डोळे पुसत होती, तिच्या ओल्या हातातसुद्धा ठेवला. लोकांनी द्रोण घेतले. खाल्लं कुणीच नाही.

सुमनने मला खुणेने बाजूला बोलावलं. हातात पाण्याचा तांब्या. "अण्णा, आदी आंगूळ करा. आन आता कुणाला शिवू नका."

"मी? का बरं?"

"सुतक न्हवं तुमाला?"

"कुणाचं?"

तिने आधी माझ्याकडे, मग बॅनरकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. पहिली टोपली घरातल्या मुलाने घालायची असते, ती म्हणाली. दरसालच्या निखाऱ्यांचंही तसंच, ते नागोच ठेवायचा. आणि शेवटच्या वेळी जो टोपली घालतो तो भट्टीचा मुलगा. सुतक त्याने धरायचं, तोंड त्याने लिंपायचं. तो मुलगा झाला म्हणजे अज्जांचाही झाला. भाऊकीतले दुसऱ्याचं सुतक अंगाला कशाला, म्हणून मागे सरले होते. "मामंजी रातभर बसून हुते," ती म्हणाली. "कोण आलं न्हाई तर म्हातारपणी माझी टोपली मीच घालतो म्हनत हुते."

माझ्या हातात कुंद्याचा डबा होता. तो ठेवावा कुठे हेही मला सुचेना.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच खरं सांगून टाकायचं. मी गेलो होतो सांगायला. अज्जा पेटवलेल्या भट्टीपाशी बसून ओढ्यातले काळे दगड वरून आत सोडत होते आणि तेल लावून मऊ केलेला भाता कुणाकडून तरी हलवून घेत होते. मी "अज्जा" म्हणालो, तर त्यांनी माझं मनगट धरून मला शेजारी बसवलं. "कोण न्हाई असं वाटलं हुतं बघ," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला सावकार गेला होता, अहोजाहो गेलं होतं. "नागो गेल्यापास्नं पयल्यांदा पाठीमागं कोण तरी उभं हाय असं वाटलं." आता यावर कुठल्या तोंडाने सांगायचं, की फोटोसाठी उभा होतो म्हणून?

मी आंघोळ केली. साहेब हळूच निघून गेले, बहुतेक त्यांना माझ्याआधी कळलं होतं. लोकांनी कुंद्याचे द्रोण परसाच्या बांधावर नेऊन मांडले. पाहुण्याने आणलेला नैवेद्यच आहे असा त्यांचा समज. कावळा आला आणि त्याने चोच मारली. एरवी मयताच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून घरचे तासनतास आर्जवं करतात. इथे एकाच्या मागे दुसरा आला आणि पुरे द्रोण साफ. "माझा बापूस खूश झाला," अज्जा म्हणाले, आणि तेव्हा मात्र ते रडले. मीही रडलो. या वेळी आनंदाश्रू वगैरे काही म्हणालो नाही.

ऊन उतरल्यावर अज्जांनी खालच्या तोंडातून आत पाहिलं. लाल लगदा तळाशी बसला होता. लोखंड थोडंसं धरलं होतं. ते बाहेर काढायचं, तोलायचं, फोटो काढायचा, असं माझ्या टिपणात लिहिलेलं होतं. अज्जा म्हणाले, "तिचं तिच्या पोटात ऱ्हाऊ दे." मी ओल्या मातीचे गोळे करून तोंड लिंपलं. माती गरम लागत होती आणि मी घाबरून हात मागे घेत होतो, तर अज्जा प्रत्येक वेळी माझा हात पुन्हा तिथेच टेकवत होते.

घरी येऊन बायकोला म्हणालो, मला शिवू नको, सुतक आहे.

"कोण गेलं?"

"भट्टी."

मग तिने विचारलं, "माझ्या भावाच्या वास्तुशांतीला आता मी एकटी जाऊ काय?" एकटी गेली. खानापूरला सगळ्यांना तिने काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही, पण तेव्हापासून सासुरवाडीची माणसं माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात. दुकान मी बंद ठेवलं. दाढी वाढवली. सुतक फिटलं त्या दिवशी अज्जांनी सुमनकडून फोन करवून विचारलं, जेवलास काय.

पुढे थंडीत अज्जा गेले. फोन सुमननेच केला. ती रडत नव्हती. "अण्णा, या," एवढंच म्हणाली. मी गेलो आणि जे मुलाने करायचं ते केलं. या वेळी भाऊकीतलं कुणी मला काही विचारलं नाही. सगळ्यांनी सरकून वाट दिली.

एक गोष्ट राहिली. त्या सोहळ्याच्या दिवशी मी आंघोळीला गेलो होतो तेव्हाच आमच्या उत्साही लॉजवाल्याने आधी ठरल्याप्रमाणे फोटो दफ्तरखान्यात पाठवून दिला होता. बॅनरवर होतं तेच त्याने सोबत लिहून पाठवलं. अज्जांचं कार्य उरकल्यावर मी त्या कारकुनाकडे गेलो. तो फोटो काढा, म्हणालो, नाहीतर खाली खरं काय ते तरी लिहा.

"दफ्तरात एकदा नोंद झाली की ती बदलत नाही," तो म्हणाला. "आणि का बदलायची? एवढा छान फोटो आहे."

त्याने तो काढून दाखवला. अज्जा चौकटीच्या बाहेर राहिलेत, त्यांचा फक्त हात दिसतो, माझ्या डोक्याकडे येणारा. बाकी सगळा मीच. आपल्या बापाच्या भट्टीला अग्नी देताना बत्तीशी दाखवून हसणारा मुलगा. खाली कारकुनाने आपल्या अक्षरात लिहिलं आहे, घराण्याचे आजचे वारस, आनंदाच्या क्षणी.