मागच्या सीटवर कोण बसणार

गाडी घ्यायची ठरल्यावर मी पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघत होते. दोनच गाड्या उरल्या होत्या, दोन्ही छोट्या, दोन्ही विजेवरच्या. एक पांढरी, उंच, डब्यासारखी, मागचे दरवाजे चांगले रुंद उघडणारे. दुसरी निळी, बसकी, दिसायला देखणी. एका चार्जिंगमध्ये ती पांढरीपेक्षा बरीच जास्त चालायची, म्हणजे तिची रेंज मोठी, पण मागची सीट म्हणजे नावाला. तिथं माझी शाळकरी मुलगीसुद्धा पाय दुमडून बसली. मला निळी हवी होती. का हवी होती तेही मला पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. म्हणून तर इतके व्हिडिओ बघावे लागले.

इथं बहरीनमध्ये, माहूजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चाचा-चाची राहतात. मूळचे दापोलीकडचे, इथं येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली. चाचा एका शिपिंग ऑफिसात क्लार्क. माझा नवरा समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीत नोकरीला, घरी येतो तो सुट्टीपुरता. त्यामुळे मी इथं आल्यापासून मला रोज सकाळी सनाबिसच्या ऑफिसात सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं ते चाचांनी. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलमधून घरीही आम्ही त्यांच्याच गाडीतून आलो. चाचांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. चाची माझ्याशेजारी बाळाच्या डोक्याखाली हात धरून बसल्या होत्या.

या वर्षी चाचांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि त्यांनी ती विकून टाकली. चाचींचे गुडघे तर केव्हाचेच गेलेले. दर आठवड्याला त्यांना फिजिओथेरपीला जावं लागतं, टॅक्सीत चढता-उतरता अगदी जीव जातो. आता मी गाडी घेणार म्हटल्यावर पुढचं उघडच होतं. त्यांनी मात्र शब्दानं काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर निदान मला चिडायला तरी जागा मिळाली असती.

खरं सांगायचं तर मला गाडीत एकटीनं बसायचं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या वेळेवर खाली उतरले, दुसऱ्याच्या आवडीचा रेडिओ ऐकला, डोकं भणभणत असतानाही मुलीचे मार्क, गावची हवा, मासळीचे भाव यांवर बोलत राहिले. येताना बाजारात थांबायचं, आणि मग घरापर्यंत सुरमईची पिशवी माझ्या पायाशी. ऑफिसात माणसंच माणसं, घरी मूल. मधला वेळ तेवढा माझा असावा, काचा बंद, कुणाशी काही बोलायचं नाही. एवढंच मागणं होतं. पण ते मनातल्या मनात म्हटलं तरी स्वतःची लाज वाटायची. त्यापेक्षा 'रेंज' हा शब्द बरा होता.

"पांढरी घे ना," नवरा फोनवर म्हणाला. "चाचींना पण नीट बसता येईल."

"तिची रेंज कमी आहे."

"अगं, बहरीन केवढं! रेंज घेऊन काय समुद्रात जाणार आहेस?"

"उन्हाळ्यात एसी किती खातो माहितीये? आणि आपल्या बिल्डिंगमध्ये चार्जिंग नाही. सारखं सीफच्या मॉलमध्ये जाऊन कोण बसणार?"

"हं, तेही खरंच," तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. मला त्याचा इतका आनंद झाला की मी घाईनं दुसराच विषय काढला.

शोरूममध्ये चाचा-चाची दोघंही आले. मीच बोलावलं, न बोलावणं फारच उघड दिसलं असतं. पांढरीत चाची घरच्या सोफ्यावर टेकावं तशा बसल्या. "आय गो, पाय सरळ होतात," म्हणाल्या आणि सीटवरून हात फिरवत राहिल्या. निळीत त्यांना बसायचं नव्हतंच, सेल्समननं आग्रह केला. कशाबशा आत गेल्या, पण बाहेर येता येईना. शेवटी चाचांनी दोन्ही हात धरून ओढलं. सगळे हसले. मी पुढे बसून स्क्रीनवरचा नकाशा उगाच लहान-मोठा करत होते.

"मग, कंची आवडली?" चाचांनी विचारलं.

मी त्यांना रेंजचं सांगितलं, मॉलचं सांगितलं. घरी चार्जिंग असतं तर प्रश्नच नव्हता, असंही वर म्हणाले. ते वाक्य काही गरज नसताना तोंडातून गेलं. चाचांनी मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी बेल वाजवली. "जरा खाली ये बाय, कायतरी दाखवायचंय."

खाली त्यांची पार्किंगची जागा, बिल्डिंगमधल्या सावलीतल्या मोजक्या जागांपैकी एक. मीटरच्या खोलीतून भिंतीवरून नवाकोरा पाइप आला होता आणि त्याच्या टोकाला चार्जिंगचा पॉइंट बसवलेला होता. नीट दिसत नसल्यामुळे चाचांनी तो बोटांनी चाचपला आणि मला झाकण उघडून दाखवलं.

"मालकाला बोललो. इतक्या वर्षांची ओळख, नाय कसा म्हणेल? तुझा मीटर वेगळा टाकलाय. जागा पण तुझ्या नावावर करून दिली, माझी गाडी कुठं हाय आता! रोज घरीच चार्ज कर. मॉलचा लफडा खलास. आता कंची पण घे."

'कंची पण' म्हणाले. पांढरी घे असं म्हणाले नाहीत.

मी 'पांढरीच घेते' म्हणायला हवं होतं. त्यासाठीच तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच. "चाचा, मी कालच निळीचं बुकिंग करून टाकलं." कुठलं बुकिंग आणि कसलं काल!

चाचांनी पॉइंटचं झाकण हळूच बंद केलं. "मुबारक," म्हणाले. "ती पण चांगली हाय." ते लिफ्टकडे निघाले आणि मध्येच थांबले.

"चाचीला मी सांगतो. पांढरी संपली होती, शोरूमला उरलीच नव्हती, असं बोलतो. तिनं विचारलं तर तू पण तसंच बोल."

त्यांना कळलं होतं. कधीपासून कळलं होतं, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

"चालेल," मी म्हणाले. वर 'थँक्यू चाचा' असंही म्हणाले.

संध्याकाळी माझं खोटं खरं करायला मी शोरूममध्ये गेले. पांढरी दारातच तयार उभी होती, म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नेता आली असती. निळीला महिनाभर थांबावं लागेल, सेल्समन म्हणाला.

"थांबते," मी म्हटलं.