खालच्या पुऱ्यातली पंगत

माझ्या अंगणवाडीला दोन खिडक्या होत्या, आणि त्यातली एक मी नोकरीला लागल्यापासून कधी उघडली नव्हती. तिच्यामागून नाली जायची. जायची म्हणणंही फार झालं. वरच्या गावातून ती वाहत यायची आणि आमच्या खालच्या पुऱ्यात, उताराखालच्या वस्तीत, येऊन बसायची. अख्ख्या गावाचं भांड्यांचं, आंघोळीचं, गोठ्यांचं पाणी आमच्या दारी मुक्कामाला. पर्यवेक्षिका भेटीला आल्या की नाकाला पदर लावून रजिस्टर तपासायच्या आणि म्हणायच्या, "ताई, याचं काहीतरी करा ना." जणू काही ते पाणी मीच पाळलं होतं.

गाव चिखलीहून जीपनं अर्ध्या तासावर. मी स्वतः वरच्या गावातली, हे आधीच सांगून टाकते. सकाळी उतार उतरून खाली यायचं, दुपारी चढून घरी जायचं. म्हणजे माझ्या मोरीचं पाणीही त्याच नालीत होतं. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं लागली. मुलांना शिकवणाऱ्या बाईचं डोकं चालतंच असं नाही.

माझी मदतनीस खालच्या पुऱ्यातलीच. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायची. खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची, आणि माझा पारा चढला की समोर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. बोलायची मात्र काही नाही. माझा पारा दिवसातून दोनदा तरी चढायचा, त्यामुळे माझं पाणी पिणं चांगलं होतं.

कोरोनात आम्ही दोघी बोटाला लावायचं ते यंत्र घेऊन घरोघरी फिरलो. खालच्या पुऱ्यात आजारातून एक घर सुटलं नव्हतं. घरं चिकटून, माणसं जास्त, आणि मधून ती नाली. तेव्हा मावशीनं पुऱ्याच्या टोकाला असलेल्या शेंदराच्या लहानशा मारोतीपुढं नवस बोलला होता की सगळा पुरा उठून उभा राहिला तर रोडग्यांची पंगत घालीन. पुरा उठला. नवस मात्र राहिला. आधी गर्दीला बंदी होती, पुढं कधी सोंगणी, कधी कापूस वेचणी.

मग गावं सावरावीत म्हणून पंचायतीला पाणी आणि स्वच्छतेसाठी निधी आला. सरपंच एका सकाळी स्वतः अंगणवाडीत आले. वरच्या गावात सिमेंटची पक्की नाली होणार, पाणी कुठंही तुंबणार नाही, सरळ खाली. आणि लेकरांच्या आरोग्याचा विचार करून अंगणवाडी वर, पंचायतीच्या शेजारी हलवायची. तसा प्रस्ताव चिखलीच्या कार्यालयात गेलासुद्धा होता. "बाई, तुमची कटकट मिटली म्हणून समजा," ते म्हणाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उतार नाही, वास नाही, दुपारी घरी जाऊन गरम भाकरी. मी मावशीला सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं खिचडी ढवळली आणि एवढंच विचारलं, "लेकरं कशी येतीन?" तीन-चार वर्षांची ती पिल्लं. आया पहाटेच वावरात जाणाऱ्या. मधे ट्रॅक्टरांचा रस्ता आणि तो चढ. मी म्हटलं, निघेल काहीतरी मार्ग. अशी वाक्यं बोलायला काही लागत नाही.

दोन दिवसांनी मावशीनं सांगितलं की येत्या शनिवारी नवस फेडणार. सगळ्या गावाला चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटायची नाही. मी लगेच व्यवस्था हातात घेतली. म्हटलं, पंगत वरच्या मोठ्या मंदिराच्या आवारात घाल. सावली आहे, फरशी आहे, वास नाही. माणसं पोटभर जेवतील तरी.

"बाई, नवस मी ह्या मारोतीले बोलली. वरच्याले कशी जेवू घालू?"

"अगं, पण त्या नालीपाशी घास उतरेल का कोणाच्या गळ्याखाली?" माझा आवाज चढला. "हसं होईल तुझं."

तिनं तांब्या आणला नाही. "आमी आजारी इथं पडलो, उठून बसलो त इथंच," ती म्हणाली. "तुमाले वास आला का तुमी जागा बदलता. अंगणवाडी बदलता, पंगत बदलता. आमाले कुठं बदलता मंग?"

मला राग आला, आणि मग तो कोणावर काढायचा ते काही सापडेना. सरपंचांनी जे केलं होतं तेच मी करत होते. फार लाज वाटली. त्या दुपारी चढ चढताना मी नालीच्या कडेकडेनं गेले आणि आमच्या मोरीचं पाणी तिच्यात कुठं पडतं ते पहिल्यांदा वाकून बघितलं.

शनिवारी पुऱ्यानं सकाळपासून गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर केला. कणकेचे रोडगे त्यात भाजले, वांग्याची भाजी झाली, वरण उकळलं. आणि गाव आलं. मारोतीच्या रोडग्यांना नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. वरचे सगळे आले, नाकाला रुमाल लावून, पण आले. जागा एकच होती. मारोतीपुढं, नालीच्या काठानं. सरपंच मानाचे म्हणून अगदी मारोतीजवळ, म्हणजे अगदी नालीजवळ. त्यांच्या शेजारी मावशीचे सासरे, सगळ्यांचे बाबा. पुऱ्यातले सगळ्यांत वडील. तोंडात दात एकच, आणि तोही खालचा.

पंगतीचा नियम कोणी लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. सरपंचांचं पाच मिनिटांत झालं. बाबांनी तोवर पहिला रोडगा कुस्करायला घेतला होता. बारीक कुस्करायचा, वरणात भिजू द्यायचा, भिजेपर्यंत मारोतीकडं बघत बसायचं, मग एक घास. मी तूप वाढत होते. मला हसू दाबता येईना, म्हणून मी तूप जरा जास्तच वाढलं. तेवढ्यात वर कोणीतरी धुणं उरकलं असावं. नालीतून पांढरा फेस आला आणि सरपंचांच्या पत्रावळीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

"होऊ द्या बाबा, सावकाश," सरपंच रितीप्रमाणं म्हणाले.

"सावकाशच हाय," बाबा म्हणाले. "घाई कायची? आमी त दोन्ही टाइम इथंच जेवतो."

आजूबाजूचे हसले, आणि मग एकेक जण हसायचा थांबला. सरपंच फेसाकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे पाणी इथून कुठं जाते, बाबा?"

"कुठं जाईन? तुमी पाठोता, तुमालेच मालूम असन."

बाबांनी आणखी एक रोडगा मागितला. मी वाढला. इतक्या प्रेमानं मी आजवर कोणाला वाढलेलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला पुऱ्यातल्या बायका लेकरं काखेत घेऊन चढ चढून आल्या. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. उभी राहिले, त्या बायकांकडं पाहिलं आणि कागद घडी करून कमरेला खोचला. मग जे तोंडात आलं ते बोलले. माझ्या घरचं पाणी या बायकांच्या दारात जातं. निधी सगळ्या गावाचा आहे, तर काम खालून सुरू करा. आधी पुऱ्याच्या पुढंपर्यंत बंद पाइप आणि तिथं शोषखड्डे, मग वरची नाली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमी त वरच्या हा ना?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच सांगते."

सरपंचांनी घसा साफ केला. "गवंडी बी तेच म्हणून राह्यला होता," ते म्हणाले. "नाली खालूनच बांधा लागते." पंगतीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. ठराव झाला, आणि अंगणवाडी हलवायचा विषयही मागं घेतला.

पाइप पडायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्याआधी चिखलीच्या कार्यालयातून फोन आला की स्थलांतराचा प्रस्ताव रद्द करायचा तर सेविकेचं लेखी कारण हवं. छापील अर्जात त्यासाठी एकच ओळ होती. कच्चा कागद घेऊन मी "भौगोलिक व सामाजिक परिस्थितीचा सर्वंकष विचार करता" असं सुरू केलं, खोडलं, दुसरा कागद घेतला, तोही फाडला. पारा चढला. मावशी तांदूळ निवडत बसली होती.

"काय अडलं, बाई?"

"अंगणवाडी इथंच का ठेवायची, त्याचं कारण लिहायचंय."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "लेकरं इथं राह्यतात, म्हना."

मी तेवढंच लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.