पंधरा मिनिटांची पाटी

अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात मी सहा वर्षं 'क्वालिटी'त काढली. आईला हे काम कधीच पटलं नाही. "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग दिवसभर करतेस काय?" मी सांगायचे, लहान मुलांना नीट उपचार मिळतात की नाही ते मोजते. "मग पोर बरं झालं का ते बघ की. त्यात मोजायचंय काय?" बाईला काही कळत नाही, असं मी मनात म्हणायचे. आता त्याची लाज वाटते.

मोजायचं तर सगळंच होतं. हात धुतले का, वजन लिहिलं का, पालक खूश आहेत का. त्यासाठी एक फॉर्म होता, त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. एका पोरीने पाचही चेहऱ्यांना मिशा काढून दिल्या. तो फॉर्म मी 'अत्यंत समाधानी'मध्ये ढकलला.

पण खरी गोची वेळेची होती. मूल आलं की पंधरा मिनिटांत डॉक्टरने बघायला हवं, असा नियम. आमच्याकडे पाऊण तास लागायचा, कारण डॉक्टर दोन आणि पोरं ढीगभर. महिन्याभरात बाहेरचे तपासणीवाले येणार होते. हॉस्पिटलच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून असं झापलं की मी जेवले नाही.

मग माझं सुपीक डोकं चाललं. केसपेपरवर शिक्का पडला की वेळ सुरू व्हायची. म्हटलं, मग पेपर काढायचाच कशाला? डॉक्टर मोकळा होईपर्यंत नुसतं बाकावर बसवा, "बसा, बोलावते" म्हणा, आणि पाळी आली की मारा शिक्का. पाऊण तासाची चार मिनिटं झाली. कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी खाडाखोड केली नाही. तपासणीवाले खूश, साहेबांनी पेढे वाटले, दाराशी मोठी पाटी लागली: 'मुलांना पंधरा मिनिटांत डॉक्टर.' मी घरीदारी मिरवत सुटले. धाकट्या बहिणीला तर दहादा सांगितलं, कारण तिच्या पाच वर्षांच्या मुलीला दमा. "काही झालं तर सरळ आमच्याकडे आण गं. आमचं काम एकदम झकास आहे."

एका मंगळवारी सकाळी तिने आणलं. तिच्या सोसायटीखालीच मुलांचे डॉक्टर बसतात. त्यांना ओलांडून ती रिक्षाने आमच्याकडे आली, माझ्या शब्दावर. मी दुसऱ्या मजल्यावर त्या चार मिनिटांचा रंगीत तक्ता करत होते आणि फोन सायलेंटवर होता.

खाली तिला सांगितलं, "बसा, बोलावते." ती बसली. नर्स आधी पेपर बघते आणि मग मूल. पेपर नव्हता, म्हणजे आमच्या हिशेबी मूल आलेलंच नव्हतं. बहीण दोनदा उठली, दोनदा तिला बसवलं. भांडणं तिच्या स्वभावात नाही, तो ठेका माझा. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने पोरगी कुरकुरायची थांबली. बहिणीला वाटलं, झोप लागली.

लादी पुसायला आलेल्या मावशी तिथे थांबल्या. वेसाव्याच्या, चार पोरं वाढवलेली बाई. त्यांनी पोरीचा फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"ही झोपली नाय, दमलीय," म्हणत त्यांनी पोरीला उचललं आणि ओल्या पायांनी थेट डॉक्टरच्या खोलीत घुसल्या. काउंटरवरून कुणीतरी ओरडलं, पेपर कुठाय? "पेपर येईल मागून," मावशी म्हणाल्या.

मी खाली आले तेव्हा पोरीच्या तोंडावर मास्क होता आणि ओठ निळसर होते. तीन दिवस ती आत होती. वाचली. डॉक्टर मला एवढंच म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि स्वतःचा एवढा राग तर नाहीच नाही.

बहीण ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीची एक चप्पल हातात धरून तिने विचारलं, "ताई, ती पंधरा मिनिटं कधीपासून मोजतात गं?"

मी तिलाच विचारलं, बाकावर किती वेळ बसली होतीस.

महिनाअखेरीला तक्ता माझ्याच टेबलावर आला. भाचीचा पेपर ती आत गेल्यावर निघाला होता, त्यामुळे तिच्या नावापुढे शून्य. त्या महिन्यात सगळ्यात लवकर डॉक्टर मिळालेलं मूल म्हणजे आमची भाची. मी शून्यावर काट मारली आणि पेनाने लिहिलं, अडतीस.

साहेब तापले. कॉम्प्युटर शून्य सांगतोय, मग हा आकडा कुठून आणलास म्हणाले.

"बाकावरून," मी म्हटलं.